जानेवारीत सूर्य जवळ, तरी थंडी का?

विचारणाऱ्याने एका दमात पाच प्रश्न विचारले आहेत. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते म्हणतात, मग थंडी तेव्हाच कशी? सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, पण कडाका जानेवारीत का? झाडांना आणि प्राण्यांना हिवाळा येतोय हे कळते कसे? थंडीत माणसे जास्त आजारी का पडतात? आणि शेवटचा, थोडा चिडवणारा: "पूर्वीसारखी थंडी आता राहिली नाही" हे खरे, की म्हाताऱ्यांची नेहमीची तक्रार?

माझी नोकरी हवामान निरीक्षणात गेली. तीस वर्षे पहाटे उठून तापमापक वाचले, पुढे अंदाज वर्तवायच्या टेबलावर बसलो. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, आणि रात्रीबद्दल जरा जास्तच बोलेन. हिवाळा दिवसा दिसत असला तरी तो घडतो रात्री.

आधी अंतराचे बघू. पृथ्वी ३ ते ५ जानेवारीच्या सुमारास उपसूर्य स्थितीत असते, सूर्यापासून साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला अपसूर्य स्थितीत ते अंतर १५ कोटी २१ लाख होते. फरक पन्नास लाख किलोमीटरचा. ऐकायला प्रचंड, पण एकूण अंतराच्या मानाने तीन-साडेतीन टक्केच. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळते, हेही खरे. पण ऋतू अंतरावर ठरत असते तर साऱ्या पृथ्वीवर हिवाळा एकाच वेळी आला असता. उत्तर गोलार्ध कुडकुडत असतो तेव्हा दक्षिणेत लोक घाम पुसत असतात, एवढ्यावरच अंतराचा मुद्दा निकालात निघतो.

गंमत अशी की, पृथ्वीचे एकूण सरासरी तापमान जानेवारीत नव्हे, तर सूर्य दूर असताना, जुलैत सर्वाधिक असते. जानेवारीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त. कारण जमीन बहुतेक उत्तर गोलार्धात आहे आणि जमीन समुद्रापेक्षा चटकन तापते. मंगळावर मात्र अंतराला खरी किंमत आहे. त्याची कक्षा पुष्कळच लंबगोल असल्याने जवळच्या आणि दूरच्या टोकाला मिळणाऱ्या उन्हात चाळीस टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

आपल्याकडचे खरे कारण कलणे. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला राहतो. पृथ्वी फेरी मारते, आस दिशा बदलत नाही. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरात पाठ फिरवलेला. शाळेत हे सगळे शिकतात. पुढची पायरी मात्र निसटते: "झुकल्यामुळे उत्तर गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो" असा समज करून घेतात आणि अंतराचा भ्रम मागच्या दाराने पुन्हा आत येतो. झुकल्याने अंतरात पडणारा फरक काही हजार किलोमीटरचा. पन्नास लाखांनी जे झाले नाही ते एवढ्याने काय होणार?

झुकल्यामुळे बदलतात दोन गोष्टी: उन्हाचा कोन आणि दिवसाची लांबी. ४० अंश उत्तर अक्षांशावरचे कोणतेही गाव घ्या. तिथे एक मीटरची काठी रोवली तर जूनच्या अयनदिनी, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी तिची सावली ३० सेंटीमीटर पडते, डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे सर्वांत लहान दिवशी, दोन मीटर. सावली लांबली म्हणजे ऊन आडवे झाले. सरळ डोक्यावरून आले तर जे ऊन एक चौरस मीटरभर पडेल तेच आता सव्वादोन चौरस मीटरवर पसरते. शिवाय ते जास्त जाडीच्या हवेतून येते, वाटेत थोडे गळते. त्यात दिवस पंधरा तासांवरून सव्वानऊ-साडेनऊ तासांवर आलेला. दोन्ही मिळून दिवसभराची कमाई जूनच्या एक तृतीयांशावर येते. ६० अंशांवर तर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो आणि तेच ऊन जवळजवळ नऊ चौरस मीटरवर पातळ होते. विषुववृत्ताजवळ कोन आणि दिवस दोन्ही फारसे हलत नाहीत, म्हणून तिथे हिवाळा नावालाही नसतो.

आता दुसरा प्रश्न, कडाका उशिरा का. हवामानाचे बरेचसे कोडे जमाखर्चाने सुटते. जमिनीची जमा म्हणजे ऊन. खर्च म्हणजे ती अहोरात्र अवकाशात सोडत असलेली उष्णता. ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात जाते, डोळ्यांना दिसत नाही, पण थांबत कधीच नाही. २१-२२ डिसेंबरला जमा सर्वांत कमी असते. दुसऱ्या दिवसापासून ती वाढू लागते, पण खर्च अजून तिच्याहून मोठाच असतो. पगार थोडा वाढला तरी खर्च त्याहून जास्त असेल तर शिल्लक घटतच जाते, तसे. जमा-खर्चाची बरोबरी होते त्या दिवशी तापमान तळ गाठते. मोठ्या भूखंडांच्या आत हे अयनदिनानंतर तीन-चार आठवड्यांनी घडते. किनाऱ्यावर आणि बेटांवर आणखी उशिरा, कारण समुद्राची शिल्लक फार मोठी.

हाच हिशेब रोजच्या रोज चालतो. पहाटेचे किमान तापमान मध्यरात्री येत नाही, ते सूर्योदयाच्या आसपास, बहुधा सूर्य उगवून थोडा वेळ झाल्यावर येते. नव्या निरीक्षकाला मी पहिली गोष्ट हीच सांगत असे: उजाडले म्हणून रात्रीचे तापमापक वाचायची घाई करू नकोस.

जाता जाता एक उपकथा. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असला तरी सर्वांत लवकर मावळणारा सूर्य त्या दिवशीचा नसतो. ४० अंश उत्तरेला तो ७-८ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लवकर मावळतो आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार यांचे पूर्ण जुळत नाही, म्हणून असे होते. ज्यांना डिसेंबर सुरू होताच संध्याकाळी उदास वाटते आणि महिनाअखेरीस जरा बरे वाटू लागते, त्यांची जाणीव बरोबरच असते.

मग समान अक्षांशावरची दोन गावे इतकी वेगळी का? नॉर्वेतले बर्गन ६० अंशांवर, समुद्रकाठी. सायबेरियातले याकुत्स्क ६२ अंशांवर, खंडाच्या पोटात. जानेवारीची सरासरी बर्गनला शून्याच्या किंचित वर, याकुत्स्कला उणे ३८ अंशांच्या आसपास. ऊन दोघांना जवळपास सारखेच, म्हणजे नसल्यासारखेच. फरक साठ्याचा आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने निववायला त्यातून जितकी उष्णता काढावी लागते, तितक्यात कोरडी माती चार-पाच अंशांनी गार होते. शिवाय समुद्राचे पाणी ढवळले जाते: वरचे गार झाले की खाली जाते, खालचे कोमट वर येते. जमीन ढवळत नाही. वरचे काही सेंटीमीटर गार झाले की झालेच, खालची ऊब वर यायला फार वेळ लागतो. म्हणूनच खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते. पाणी दोन्ही वेळा जवळपास तितकेच गार असते, बदलतो आपला हात.

सायबेरियातल्याच ओयम्याकोनला ६ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ६७.७ अंश नोंदले गेले. त्याहून फार खाली फक्त उंच हिमपठारे जातात. अंटार्क्टिकावरील वोस्तोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश वाचले गेले. जुलै हे वाचून दचकू नका, तिथे तो भर हिवाळा. साडेतीन हजार मीटर उंची, महिनोन्‌महिन्यांची रात्र, कोरडी विरळ हवा आणि खाली बर्फ. ताजे बर्फ पडणाऱ्या उन्हापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकते. म्हणजे आधीच कमाई नाही, आणि आली तर ती दारातूनच परत.

आता माझ्या आवडीची गोष्ट, रात्र. थंडीला येण्यासाठी नेहमी कुठून तरी वारा लागतोच असे नाही. ध्रुवाकडची थंड हवा खाली घसरते आणि लाट येते, हे खरे. पण कित्येकदा थंडी जागच्या जागी तयार होते. त्याला हवे असते निरभ्र आकाश, थांबलेला वारा, कोरडी हवा आणि लांब रात्र. ढग जमिनीने सोडलेली उष्णता अडवून काही परत पाठवतो, गोधडीसारखा. ढग नसेल तर वाट मोकळी. वारा नसेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. मग जमिनीलगत गार हवेचा थर बसतो आणि त्याच्या वर ऊब राहते. एरवी वर जावे तसे गार होते, इथे उलटे. याला तापमानाची विपरीतता म्हणतात आणि हिवाळ्यातली अर्धी भांडणे तिच्यामुळे होतात.

एक भांडण माझ्याशीच झाले होते. आमच्या केंद्रात पहाटे ४ अंश नोंदले आणि तसे कळवले. तासाभरात एका शेतकऱ्याचा फोन आला: "चार अंश म्हणता, माझ्या बटाट्याच्या पानांवर बर्फ आहे. तुमचा तापमापक कुठे ठेवलाय, चुलीजवळ?" तो खोटे बोलत नव्हता, आणि तापमापकही. तापमापक झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. उघड्यावरचे पान थेट आकाशाकडे उष्णता सोडते आणि स्थिर रात्री हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज गार होते. त्याचे शेतही खोलगट भागात होते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाते आणि तळाशी साचते. म्हणून जाणते बागाईतदार नाजूक फळझाडे दरीच्या तळाशी लावत नाहीत, मधल्या उतारावर लावतात. त्यानंतर अंदाज लिहिताना मी "जमिनीलगत दहिवराची शक्यता" हे शब्द कधी गाळले नाहीत.

अशा रात्री शेताला पाणी देतात त्यामागे दोन कारणे आहेत. ओली माती उष्णता जास्त धरते. आणि पाणी गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. काही देशांत कळ्यांवर रात्रभर बारीक फवारा सुरू ठेवतात, कळी बर्फात गुरफटते आणि बर्फ बनत राहतो तोवर शून्याच्या खाली फारशी जात नाही. फवारा मध्येच बंद पडला तर मात्र उपायाचाच अपाय होतो.

धुके हे याच थराचे अपत्य. जमिनीलगतची हवा दवबिंदूपर्यंत गार झाली की वाफेचे थेंब होतात. अगदी निवांत रात्री नुसते दव पडते. अगदी हलका वारा असेल तर गारवा काही मीटर वर पोहोचतो आणि धुके बनते. त्याहून जोराचा वारा आला की कोरडी हवा मिसळून ते फाटते. ही हलक्या वाऱ्याची रेघ इतकी बारीक आहे की तिने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. संध्याकाळी मी दृश्यमानता चांगली राहील असे लिहून दिले. पहाटे तीनला वारा मंदावला, आणि सूर्य उगवला तेव्हा खिडकीतून समोरचा खांब दिसेना. विमाने अडकली, मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात भर म्हणजे असे धुके सूर्य उगवल्यावर लगेच विरत नाही, पहिल्या उन्हाने जमिनीवरचे दव उडून हवा ढवळली जाते आणि अर्धा तास ते आणखी दाटते. "ऊन आले, आता जाईल" म्हणून गाडी काढणारे नेमके तेव्हाच सापडतात.

गार थरावर उबदार हवेचे झाकण बसले की धूरही आत कोंडतो. ५ ते ९ डिसेंबर १९५२ हे लंडनचे पाच दिवस याचे सर्वांत भयंकर उदाहरण. घरोघर कोळसा पेटलेला, वारा बंद, वर झाकण. सुरुवातीला चार हजार मृत्यू मोजले गेले, नंतरच्या अभ्यासांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या आठवड्यात धूर रोजच्यासारखाच निघत होता, त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

झाडांकडे वळू. थंडी पडली म्हणून पाने गळतात असे आपण म्हणतो, पण झाड थंडीची वाट बघत बसत नाही. ते रात्रीची लांबी मोजते. तापमान लहरी असते, एखादा ऑक्टोबर उबदार तर एखादा गार, पण रात्रीची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तीच. भरवशाचे दुसरे पंचांग निसर्गाकडे नाही. रस्त्यावरच्या दिव्याशेजारचे झाड इतरांपेक्षा उशिरापर्यंत पाने धरून ठेवते, कारण त्याच्या हिशेबात रात्र लांबलेलीच नसते. गळण्याआधी झाड पानातले नत्र आणि स्फुरद परत ओढून घेते, हरितद्रव्य मोडते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेल्यावर दिसू लागतो. लाल मात्र बहुधा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. मग देठाशी एक बूच बसते आणि पान सुटते.

हा सारा खटाटोप थंडीपेक्षा तहानेपायी आहे. जमिनीतले पाणी गोठले की मुळांना ते मिळत नाही, आणि पाने असतील तर ती ते उडवतच राहणार. सूचिपर्णी झाडे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात: बारीक, मेणचट सुया, ज्यांतून पाणी फारसे उडत नाही. पेशीच्या आत बर्फाचा खडा झाला तर पेशी फाटते, म्हणून झाड पाणी पेशीबाहेरच्या फटींत ढकलते आणि आतला रस साखरेने घट्ट करते. सायबेरियातला लार्च मात्र सूचिपर्णी असूनही सुया गाळतो, आणि जगातली सर्वांत उत्तरेकडची झाडे त्याचीच आहेत.

काही झाडांना तर हिवाळा हवाच असतो. शरदात पेरलेला हिवाळी गहू काही आठवडे शून्य ते दहा अंशांच्या गारव्यातून गेल्याशिवाय ओंबी धरत नाही. सफरचंदाच्या अनेक जातींना शून्य ते सात अंशांचे आठशे-हजार तास लागतात. झाड जणू हे तास मोजते, पुरे झाले की कळी जागी होते. हिवाळा उबदार गेला की मोजणी अपुरी राहते, फुलोरा मागेपुढे येतो, आणि बागेत फळ कमी का धरले याचे कारण मालक वसंतात शोधत बसतो. ते डिसेंबरात असते.

प्राण्यांपुढे तीन वाटा: निघून जाणे, झोपणे किंवा तग धरणे. निघून जाण्यात आर्क्टिक कुररी या समुद्रपक्ष्याचा हात कोणी धरणार नाही. ती उत्तरेचा उन्हाळा संपला की दक्षिण ध्रुवाकडे जाते आणि वर्षात दोन उन्हाळे बघते. झोपणाऱ्यांत लोक अस्वलाचे नाव आधी घेतात, पण अस्वल तसे हलकेच झोपते, त्याचे शरीर काही अंशांनीच गार होते. खरा उस्ताद आर्क्टिकची भूचर खार. तिच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेले मोजले आहे, आणि रक्त तरी गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती थरथरून पुन्हा पूर्ण ऊब आणते आणि परत निजते. साठवलेल्या चरबीतला मोठा वाटा या जागे होण्यातच जातो. उत्तर अमेरिकेतला लाकूड-बेडूक तर सरळ गोठतो. शरीरातले निम्म्याहून जास्त पाणी बर्फ होते, हृदय थांबते, आणि वसंतात तो वितळून उडी मारतो. यकृतातून भरपूर ग्लुकोज सोडून तो पेशी वाचवतो.

तग धरणाऱ्यांचा सर्वांत मोठा मित्र म्हणजे बर्फ. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्के हवा असते. वर उणे तीस असले तरी हातभर बर्फाखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहते. तिथे उंदरांच्या जातीचे छोटे प्राणी बोगदे करून हिवाळा काढतात. तळ्यातही असेच. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, त्याहून गार झाले की हलके होऊन वर येते आणि गोठून तरंगते. वर छप्पर, खाली मासे. पाण्याचा हा चमत्कारिक स्वभाव नसता तर तळी तळापासून गोठत आली असती.

म्हणून उबदार हिवाळा प्राण्यांना सुखाचा असेल असे समजू नये. बर्फावर पाऊस पडून ते पुन्हा गोठले की वर काचेसारखा थर बसतो आणि रेनडिअरला खालचे खाद्य खणून काढता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यमाल द्वीपकल्पात असे झाले, त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. हिमससाही याच पेचात आहे. त्याचे केस दिवसाच्या लांबीनुसार पांढरे होतात. बर्फ उशिरा पडले की तपकिरी जमिनीवर तो पांढराशुभ्र उठून दिसतो.

आता माणूस. थंडीने माणूस मरतो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमवादळात अडकलेला गिर्यारोहक येतो. आकडे वेगळे सांगतात. २०१५ साली तेरा देशांतल्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी लागला, उष्णतेशी ०.४२ टक्के. आणि थंडीच्या मृत्यूंतले बहुतेक कडाक्याच्या दिवशी झाले नव्हते, साध्या, सोसण्याजोग्या वाटणाऱ्या गारव्यात झाले होते. कारण साधे आहे. गारव्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त किंचित दाट होते. ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे त्याला एवढे पुरते, आणि असे दिवस संख्येने फार असतात. युरोपात हिवाळ्यातले जादा मृत्यू पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये जास्त, फिनलंडमध्ये कमी असे आढळले आहे. फिनलंडची घरे थंडी गृहीत धरूनच बांधलेली असतात. जिथे थंडी "थोडे दिवस तर असते" म्हणून सोडून देतात तिथे ती घरात शिरते. जागतिक आरोग्य संघटना घरातले तापमान किमान १८ अंश ठेवायला सांगते.

सर्दी-फ्लूचे कारण मात्र गार वारा अंगावर घेणे नव्हे, कारण विषाणूच. पण हिवाळा त्याला साथ देतो. शून्य अंशाची संपृक्त हवा घनमीटरमागे पाचेक ग्रॅमच बाष्प धरते. तीच आत घेऊन २० अंशांवर तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली येते. अशा कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त टिकतो आणि नाकाचे अस्तर सुकून पहारा सैल पडतो. वर सगळे खिडक्या लावून एकत्र बसलेले. उष्ण प्रदेशांत फ्लूची साथ अनेकदा पावसाळ्यात येते. थंडी हे एकमेव कारण असते तर असे झाले नसते.

वाऱ्यामुळे "जाणवणारे तापमान" हल्ली सगळीकडे छापतात, त्यावरून गैरसमज फार. त्याची सुरुवात अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून केली. आजच्या सूत्राप्रमाणे हवा २ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला उणे ४ सारखे वाटते. वाटते, होत नाही. नळातले पाणी त्या वाऱ्याने गोठणार नाही, कारण वारा उष्णता लवकर नेतो, पण हवेच्या तापमानाखाली काही नेऊ शकत नाही.

दोन धोके मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी येऊ लागली हे कळेपर्यंत उठायची शक्ती गेलेली असते. दुसरे, शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की ती आणीबाणी. माणूस कुडकुडत असेल तोवर शरीर लढते आहे. कुडकुडणे थांबले, बोलणे अडखळू लागले आणि माणूस म्हणाला "आता बरे वाटतेय", तर घाबरायला हवे. काही जण त्या अवस्थेत उकडते म्हणून कपडे काढतात. मद्याने ऊब येते हाही भ्रमच. ते कातडीकडचा रक्तप्रवाह वाढवते आणि आतली उष्णता बाहेर सांडते.

मनाचेही आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले. प्रश्न गारव्याचा कमी, सकाळच्या उजेडाचा जास्त, म्हणून उपचारातही तेजस्वी प्रकाशच वापरतात. ज्यांना दर हिवाळ्यात असे होते त्यांनी ते आळस म्हणून झटकू नये, डॉक्टरांशी बोलावे.

राहिला शेवटचा, चिडवणारा प्रश्न. आठवणीवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. लहानपणी अंगावर कपडे कमी, घरात फटी जास्त, त्यामुळे थंडी मोठी वाटली असणार. पण नोंदी खोटे बोलत नाहीत. जपानमधल्या सुवा तळ्याकाठचे पुजारी १४४३ पासून तळे कधी गोठले हे लिहून ठेवत आले आहेत. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टोर्ने नदीचे बर्फ कधी फुटले याची नोंद १६९३ पासून आहे. कुणालाही हवामानबदल सिद्ध करायचा नव्हता, हे लोक आपले वही भरत होते. सुवाच्या वहीतल्या पहिल्या अडीचशे वर्षांत तळे न गोठण्याची वेळ फक्त तीनदा आली. अलीकडे ते न गोठणे नेहमीचे झाले आहे. टोर्नेचे बर्फही आता पूर्वीपेक्षा लवकर फुटते. थंडीच्या लाटा अजून येतात, येत राहतील, आणि एखादी लाट आली की "कुठे आहे तापमानवाढ?" असे विचारणारेही येतील. त्यांना मी सुवाच्या वहीत त्या वर्षी काय लिहिले आहे ते आधी बघायला सांगतो.